गोधडी, बर्फ आणि लसीची पेटी



आपल्या संग्रामपुरात ऊन कसे असते, ते तुम्हांला सांगायला नको. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा आज आपण उष्णतेविषयीच बोलू.

गोधडी गरम असते काय? तुम्ही म्हणाल, असते. मग तीच गोधडी बर्फाला गुंडाळली, तर बर्फ लवकर वितळेल की उशिरा? उशिरा वितळेल. घरी करून पाहा. गोधडी गरमही नाही नि गारही नाही. ती उष्णतेच्या वाटेत आडवी पडते, इतकेच.

हे काम तिच्या थरांत अडकलेली हवा करते. चुलीत धरलेल्या सळईचे दुसरे टोकही हाताला चटका देते. लोखंडातून उष्णता झपाट्याने जाते. हवेतून ती फार हळू जाते. पण हवा मोकळी नको. मोकळी हवा तापली की वर चढते, आणि उष्णता तिच्याबरोबर हिंडते. हवा कोंडली, की हे हिंडणे बंद.

थर्माकोल म्हणजे अशी कोंडलेली हवाच. त्याच्या १०० भागांत सुमारे ९८ भाग हवा असते. नर्सबाई लस आणतात, त्या पेटीच्या भिंतींतही फेसासारखा फुगवलेला, बारीक बंद कप्प्यांचा थर असतो. आत बर्फ असतो. लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. तापली तर तिचा गुण जातो. मग ती देऊनही मूल रोगापासून वाचत नाही.

आमची चूक सांगतो. ऐन चैत्रात एकदा नर्सबाई पेटी आमच्या हवाली करून वस्तीवरच्या बायांना बोलवायला गेल्या. मुलांना बर्फ दाखवावा म्हणून आम्ही पेटी उघडली. बोलण्याच्या भरात झाकण उघडेच राहिले. दोन तासांनी त्या आल्या, तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते.

"गुरुजी, ही लस आता लेकरांना देता यायची नाही," त्या म्हणाल्या.

सातपुड्याच्या पायथ्याकडून लेकरू कडेवर घेऊन पायी आलेल्या बाया तशाच परत गेल्या. त्यांच्याकडे पाहण्याचे आम्हांला धाडस झाले नाही.

मंडळी, पेटी गारवा तयार करीत नाही. आहे तो गारवा ती काही वेळ राखते, तोही झाकण लावलेले असेल तर. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात अशा पेट्या नीट जपून नेणाऱ्यांचाही वाटा आहे. म्हणून पेटी सावलीत ठेवा. तिच्यावर बसू नका. आणि नर्सबाईंखेरीज कोणी झाकणाला हात लावू नका, मग तो गावचा गुरुजी का असेना!