उपाशी मातीची फुले



रानफुलांचे कुरण बियांपासून कसे उभे करावे, हा आजचा विषय. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी औत होते, हे ध्यानी घेता माझे बोलणे आपल्या शेतकरी संस्कारांस विपरीतच वाटेल. कारण या शेतीचे पहिले कलमच असे की, जमिनीस कणभरही खत द्यावयाचे नाही, आणि पूर्वी कोणी दिले असल्यास त्याचा कस उतरवण्याची तजवीज करावयाची.

याचा दाखला इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे आहे. तेथे १८५६ साली लॉज आणि गिल्बर्ट या दोघा शास्त्रज्ञांनी, कोणत्या खताने वैरण किती वाढते हे पाहण्यासाठी, एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकास निराळे खत देण्यास आरंभ केला. वैरण वाढली खरी. परंतु ज्या तुकड्यास काहीच मिळाले नाही त्यात ४० च्या आसपास जातींच्या वनस्पती सुखाने नांदत राहिल्या, आणि ज्यांस अमोनियाचे खत भरपूर मिळाले त्यांतील काहींत दोन-तीन जातींच्या गवतांनी सारे वतन बळकावले. पोसलेले गवत दांडगे होते, उंच वाढून प्रकाश अडवते, आणि त्याच्या छायेत फुलझाडे गुदमरतात. पुढे नांगर, रासायनिक खत आणि मुरघास यांनी मिळून १९३० नंतरच्या अर्धशतकात इंग्लंड-वेल्समधील फुलांची कुरणे शेकडा ९७ नाहीशी केली.

ती पुन्हा उभी करण्यासाठी तिकडे जी पेरणी करतात, तिची रीत फारशी अवघड नाही. जमीन अतिसुपीक असेल तर वरचा थर खरवडून काढतात. तण उगवू देऊन दोन-तीनदा मारतात. आणि शरदाच्या आरंभी, भुसभुशीत पण दाबून घेतलेल्या मातीवर, चौरस मीटरला ४ ते ५ ग्रॅम बी फोकतात. त्यात वजनाने चार-पंचमांश बारीक पात्याची गवते, उरलेली फुले. इतके थोडे बी सारखे पडावे म्हणून त्यात वाळू मिसळतात. एकदा उभे व एकदा आडवे चालतात. आणि बी मातीआड न करता पायांनी नुसते दाबतात. पहिल्या वर्षी फुले जवळजवळ नाहीतच. वार्षिक तण माजले की कापावे, पुन्हा माजले की पुन्हा कापावे, एवढाच उद्योग. या वर्षात धीर सुटून पुष्कळांची कुरणे बुडतात, असे माझे मत आहे. याउलट, पिसवांच्या थोर अभ्यासक मिरियम रॉथशील्ड यांनी खसखशीच्या कुळातील तांबडी पॉपी वगैरे शेतातील फुलांचे एक मिश्रण विक्रीस काढून त्याला गमतीने ‘शेतकऱ्याचे दुःस्वप्न’ असे नाव दिले होते. ती फुले पहिल्याच वर्षी डोळे दिपवतात, परंतु ती उखळलेल्या जमिनीची असल्याने दरसाल मशागत मागतात. कुरणाची झाडे बहुवर्षायू असून त्यांस नांगर खपत नाही.

एका वनस्पतीची मात्र ओळख सावकाश करून दिली पाहिजे. तिचे नाव यलो रॅटल. फुले पिवळी, आणि बोंडे वाळली की आत बी खुळखुळते. आपला खुळखुळा शेंगवर्गातला असल्याने तिचा सोयरा नव्हे, पण नाद तोच, आणि तो ऐकू आला की वैरण कापणीस आली असे तेथील जुने शेतकरी समजत. आंब्याच्या फांदीवर बसून बांडगूळ जो उद्योग करते तोच ही मातीखाली करते: स्वतःची पाने हिरवी असूनही गवताच्या मुळांस आपली मुळे भिडवून त्यांचा रस ओढते. दांडगे गवत त्यामुळे नरमते आणि इतरांस जागा मिळते. तिच्या बियांस हिवाळ्याची थंडी लागल्यावाचून अंकुर फुटत नाही, आणि बी फार काळ टिकतही नाही. म्हणून त्याच वर्षीचे ताजे बी शरदातच टाकावे लागते.

पहिले वर्ष सरले की कुरणाला वर्षातून एक मुख्य कापणी, जुलैअखेर किंवा ऑगस्टात. कापलेले गवत तीन-चार दिवस तेथेच वाळू देतात, म्हणजे पिकलेले बी झडून खाली पडते. मग काडी न काडी उचलून नेतात. ते तेथेच कुजले, तर वर्षभर उतरवलेला कस जमिनीत परत जमा झाला म्हणून समजा. पुढे थंडीपर्यंत मेंढरे चरतात. त्यांच्या खुरांनी उघड्या पडलेल्या मातीत नवे बी रुजते.

उपाशी मातीची फुले आपल्याकडेही आहेत: साताऱ्याजवळचे कासचे पठार आपण पाहिले असेल. तेथे जांभ्यावर मातीचा पातळ थर; ती माती इतकी दरिद्री की सीतेची आसवे ही नाजूक वनस्पती नत्रासाठी सूक्ष्म जीव धरून खाते; आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याच जागी फुलांचा पूर येतो. तेथे पेरणी कोणी केली नाही. तेव्हा ज्यांस आपल्या अंगणात किंवा बांधावर असे एखादे रान राखावेसे वाटेल, त्यांनी कासवरून मूठभरही बी आणू नये, आणि विलायती पुडकीही मागवू नयेत. आपल्याच शिवारातील तेरड्याचे, सोनकीचे बी, जागेच्या मालकास विचारून, थोडे घ्यावे, मृगाच्या आधी टाकावे, आणि शेणखताची पाटी घेऊन कोणी आलेच, तर त्यास बांधावरच थांबवावे.