नित्य व्यायाम, नित्य वाचन : शिक्षकांची परस्पर देवघेव

(प्राथमिक शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाला तास असतो, भाषेलाही तास असतो. परंतु शरीर राखण्याची आणि वाचण्याची सवय केवळ तासाने लागत नाही. ती रोजच्या सहवासाने लागते. ज्या शिक्षकाच्या हातात मुलांना पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक कधी दिसत नाही, त्याने वाचनाचे महत्त्व कितीही सांगितले तरी ते फळ्यावरील सुविचाराप्रमाणे दुसऱ्या दिवशी पुसले जाते. जो शिक्षक खुर्चीवर बसून कवायतीच्या आज्ञा देतो, त्याच्या आज्ञेने हात वर होतात, पण उत्साह वर येत नाही. म्हणून या दोन सवयींचा विचार शिक्षकापासून सुरू करावा लागतो. आणि शिक्षकाला त्या लावण्याचा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा मार्ग म्हणजे शेजारच्या शाळेतील दुसरा शिक्षक होय.

जुनी परंपरा

शिक्षकांनी शिक्षकांसाठी विचारांची देवघेव करावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ‘शालापत्रक’ हे मासिक शिक्षकवर्गासमोर ठेवून निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचा त्याच्याशी संबंध होता आणि विष्णुशास्त्र्यांचे संस्कृत कवींवरील प्रसिद्ध निबंध प्रथम त्यातूनच वाचकांपुढे आले. १९७१ साली बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले, तेव्हा पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन मुलांच्या हाती देण्याची एक कायमची सोय झाली.

व्यायामाच्या बाबतीत औंध संस्थानाचे उदाहरण बोलके आहे. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातील शाळांत रुजवले. पण त्यांनी केवळ फर्मान काढले नाही. ते स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत आणि मग इतरांना सांगत. आधी आचरण आणि नंतर उपदेश, हा क्रम आजही बदललेला नाही.

शिक्षकाचे शरीर

शिक्षकाचे काम बैठे नाही, असे सर्वसामान्यपणे समजले जाते. वस्तुतः त्यात शरीराला एकाच बाजूने ताण पडतो. तासन्‌तास उभे राहून पोटऱ्या आणि कंबर अवघडते, फळ्यावर लिहिताना एकच खांदा दुखावतो, वह्या तपासताना मान खाली राहते, आणि वर्ग मोठा असेल तर घसा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची चांगली हालचाल आवश्यक मानली आहे. काहीच न करण्यापेक्षा थोडे करणेही हिताचे, हे त्या मार्गदर्शनातील सूत्र शिक्षकांसाठी विशेष मोलाचे आहे.

कारण ‘पहाटे उठून तासभर फिरा’ हा उपदेश सर्वांना लागू पडत नाही. घरचा स्वयंपाक, पाणी आणि मुलांचे डबे आटोपून एस. टी. गाठणाऱ्या शिक्षिकेला ती पहाट मोकळी मिळतच नाही. तिच्यासाठी व्यायामाचे तुकडे पाडले पाहिजेत. थांब्यापासून शाळेपर्यंतचे अंतर झपझप चालणे हा पहिला तुकडा. परिपाठानंतर मुलांसह पाच मिनिटे उभ्याने हात, खांदे व कंबर मोकळी करणे हा दुसरा. तास बदलताना टाचा उचलून दहा-पंधरा वेळा चवड्यांवर उभे राहणे आणि खांदे मागे फिरवणे हा तिसरा. मधल्या सुट्टीत भिंतीला हात टेकून जोर काढणे आणि खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय दहा वेळा उठणे-बसणे हा चौथा. घशासाठी मोठ्याने ओरडण्यापेक्षा मुलांच्या जवळ जाऊन बोलावे आणि मधूनमधून पाण्याचे घोट घ्यावेत. गुडघेदुखी, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच व्यायाम ठरवावा, हे वेगळे सांगणे नलगे.

मुलांसाठी तर साधनांची वाण नाही. लंगडी, खो-खो, लगोरी, लेझीम यांना मोठा खर्च लागत नाही. मात्र एक दक्षता हवी. चपळ मुले खेळतात आणि उरलेली कडेला बसून टाळ्या वाजवतात, असे होऊ नये. ज्या मुलांना हालचालीची सर्वाधिक गरज असते, तीच बहुधा कडेला बसलेली असतात.

वर्गातील वाचन

‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत अंकगणित यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठण्याचे त्यात ठरले. या उद्दिष्टामागील कारण स्पष्ट आहे. तिसरीपर्यंत मूल वाचावयास शिकते आणि त्यानंतर त्याला वाचून शिकावे लागते. पहिली पायरी निसटली, तर भूगोल असो वा विज्ञान, सर्वच विषय त्याला बंद दाराप्रमाणे भासतात.

हे दार उघडण्यास रोजची दहा मिनिटे पुष्कळ काम करतात. शिक्षकाने एक गोष्ट आवाजात चढउतार ठेवून वाचावी आणि ऐन रंगात आल्यावर थांबावे. पुढे काय झाले असेल, हे मुलांना सांगू द्यावे. पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता खिडकीच्या गजांना दोरी बांधून त्यावर टांगावीत. मुलांनी ती हाताळली तर फाटतील, ही भीती खरी आहे. परंतु फाटलेले पुस्तक डिंकाने चिकटवता येते, न वाचलेल्या पुस्तकाला काय चिकटवणार? चौथीचे मूल आणि दुसरीचे मूल यांची जोडी लावली, तर दोन शिक्षकी शाळेतही वाचनाचा सराव अखंड चालतो. वाचनानंतर प्रश्नोत्तरे लिहून घेण्याचा मोह मात्र टाळावा. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी परीक्षा दिसू लागली की मुले गोष्टीलाच घाबरतात.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली व पावरी, गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणारी मुले शाळेत येतात, तेव्हा पुस्तकाची मराठी त्यांना परकी वाटते. तेथे गोष्ट आधी त्यांच्या बोलीत सांगून मग पुस्तक उघडणे, आणि नित्याच्या शब्दांचा द्विभाषी तक्ता भिंतीवर लावणे, हा अनेक शिक्षकांचा उपयोगी पडणारा मार्ग आहे.

घरातील वाचन

ज्या घरात कोणालाच वाचता येत नाही, तेथे घरचे वाचन कसे व्हावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. याचे उत्तर असे की वाचणारे मूल असले की पुरे. घराला ऐकता आले पाहिजे. आजीला रोज एक पान वाचून दाखवावे, हा गृहपाठ कोणालाही झेपणारा आहे. उलट दिशेनेही तो चालतो. आजीने सांगितलेली गोष्ट मुलाने लिहून आणावी, त्यावर चित्र काढावे, आणि अशा पंचवीस पानांना दोरा घातला की वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार होते. आपल्या घरचे नाव असलेले पुस्तक मुले पुन्हा पुन्हा वाचतात. एस. टी.चा फलक, बियाण्यांची पिशवी, रास्तभाव दुकानातील दरपत्रक, सातबाराचा उतारा हेही वाचनाचेच साहित्य आहे.

खरी कसोटी लागते ती स्थलांतरित कुटुंबांच्या बाबतीत. बीड जिल्ह्यातून आणि अन्य कोरडवाहू भागांतून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर मूल गेले, की कित्येक महिन्यांनी ते परत येते, तेव्हा पूर्वी येत असलेले वाचनही मागे पडलेले असते. मुलाला गावातच ठेवण्याचे सर्व प्रयत्न करूनही ते जाणारच असेल, तर त्याच्या पिशवीत तीन-चार गोष्टींची पुस्तके आणि एक कोरी वही घालून द्यावी, आणि तो जाणार त्या गावच्या शिक्षकाला निरोप पाठवावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला मुले जेथे होती तेथे शाळा नेली. अंगणवाडी व गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा ही त्याचीच रूपे. पुस्तकाने मुलामागे जावे, हा त्याच मार्गावरचा पुढचा टप्पा होय.

देवघेव कशी व्हावी

केंद्रस्तरावर दरमहा शिक्षण परिषद भरते. तिच्यातील केवळ वीस मिनिटे या देवघेवीसाठी राखून ठेवता येतील. दोन शिक्षकांनी व्यायामाचा वा वाचनाचा आपला एकेक उपक्रम सांगावा. सांगताना चार गोष्टी सांगाव्यात : काय केले, किती वेळ लागला, कोणते साहित्य लागले आणि कोठे अडले. यातील चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यशाच्या कथा ऐकून श्रोते टाळ्या वाजवतात. अडचण ऐकली म्हणजे उपाय सुचवतात. पुढील महिन्यात ज्यांनी तो उपक्रम करून पाहिला, त्यांनी आपला अनुभव सांगावा.

अधिकारीवर्गाने येथे एक संयम पाळणे अगत्याचे आहे. या देवघेवीचा नवा तक्ता करू नये, छायाचित्रांची सक्ती करू नये. छायाचित्रासाठी हातात घेतलेले पुस्तक छायाचित्र निघताच खाली ठेवले जाते. भेटीच्या वेळी मुलाला जवळ बसवून, ‘काय वाचतोस, थोडे वाचून दाखव’, एवढे विचारले तरी सर्व अहवाल डोळ्यांसमोर उभा राहतो.

पंचायतीचा वाटा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा प्रत्येक शाळेत ग्रंथालय, क्रीडांगण व खेळाचे साहित्य असावे असे सांगतो. त्या ग्रंथालयात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असेही त्यात नमूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी व पंचायत सदस्यांनी वर्षातून एकदा तरी पुस्तकांचे कपाट उघडून पाहावे आणि क्रीडांगणावरील काटे, काचा व अतिक्रमण दूर करावे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे मान्यता मिळालेले वाचनालय गावात असेल, तर त्याचा एक तास मुलांसाठी राखावा. सायंकाळी शाळेचे मैदान गावाला मोकळे राहिले आणि तेथे पालकही चार फेऱ्या मारताना दिसले, तर मुलांना वेगळा उपदेश करण्याची गरज उरणार नाही.

या साऱ्याला मोठी योजना लागत नाही. निधीची वाट पाहावी असे त्यात थोडेच आहे. येत्या शिक्षण परिषदेला प्रत्येक शिक्षकाने स्वतः महिनाभर केलेली एक गोष्ट आणि स्वतः वाचलेले एक पुस्तक घेऊन यावे, आणि परतताना शेजारच्या शाळेची एक गोष्ट व एक पुस्तक घेऊन जावे, एवढीच विनंती.