धुळीचा प्रश्न हा श्रमिकाच्या श्वासाचा प्रश्न आहे
(जयपूर येथील भाषणाचा मजकूर)



२०१९ च्या जुलैमध्ये जयपूरच्या जुन्या शहराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजस्थान सरकारने सिलिकोसिसविषयक धोरण जाहीर केले. शहराच्या वैभवाचा गौरव आणि दगड घडविणाऱ्या हातांच्या रोगाची दखल, दोन्ही एकाच वर्षी!

शहरांतील दूषित हवेची चर्चा आज सर्वत्र होते, व ती व्हावयासच हवी. परंतु हवा सर्वांची असली, तरी धुळीची वाटणी समान नसते. जयपूर-आग्रा मार्गावरील सिकंदरा येथे वालुकाश्मावर नक्षीकाम चालते. कोरड्या दगडावर विजेचे कटर फिरते तेव्हा सिलिकाचे अतिसूक्ष्म कण उडतात. डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकाघशात अडते. न दिसणारी फुफ्फुसाच्या तळाशी जाते व ते निबर करून टाकते. दम लागतो, क्षयाचा धोका वाढतो. पुष्कळदा क्षयाचेच औषध चालू राहते व मूळ रोग झाकला जातो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगकारक ठरविली. निबर झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही.

हे सारे अज्ञानातून घडते काय? मुळीच नाही. या रोगावर जोहान्सबर्ग येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती १९३० साली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातही त्याचे नाव होते. हजेरीपटावर मात्र कामगाराचे नाव नसते. ठेकेदार बदलतो, मालक नामानिराळा राहतो. रोग तेवढा कामगाराबरोबर घरी जातो.

राजस्थानच्या धोरणाने रोग्यास ३ लाख व मृत्यूनंतर वारसांस २ लाख रुपये ठरविले. श्रमिकांच्या दीर्घ पाठपुराव्याचे ते फळ होय. त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु मी अनुवादाचे काम करतो, आणि अशा योजनांच्या कागदांतील ‘लाभार्थी’ हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. ज्याने श्वास गमावला त्यास लाभ कसला? लाभ झाला तो पाण्याच्या नळीचा खर्च वाचविणाऱ्यास!

म्हणून आपली मागणी मदतीपाशी थांबता कामा नये. कटरवर पाण्याची धार, धूळ ओढून घेणारे यंत्र, हजेरीपटावर नाव आणि नियमित छातीची तपासणी, तीही मालकाच्या खर्चाने, हे आपण मागितले पाहिजे. तोंडाला बांधलेले फडके पुरेसे नाही.

हा प्रश्न केवळ राजस्थानचा नव्हे. महाराष्ट्रातील खडी केंद्रांवर आणि कोल्हापूरच्या फौंड्रींत वाळूचे साचे फोडणाऱ्या कामगारांपुढेही तोच धोका उभा आहे. मरणानंतरची भरपाई मोजण्यापूर्वी जिवंतपणीचा श्वास राखणे, हेच आपल्या संघटनांचे पहिले काम होय.