ठराव मंजूर झाल्यानंतरचं काम

(चेन्नईत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'मूल्याधिष्ठित नेतृत्व' असा विषय तुम्ही मला दिलात. शब्द भारदस्त आहे. कॉलेजात, कंपनीत, प्रशिक्षण शिबिरांत तो इतक्यांदा ऐकू येतो की शेवटी 'चांगलं बोला, चांगलं वागा' एवढाच त्याचा अर्थ उरतो. आपल्या चळवळीत मात्र नेतृत्वाची कसोटी फार साधी आहे. हक्क कागदावर आला. त्यानंतर तुम्ही काय केलंत?

तुम्ही ज्या शहरात राहता तिथूनच सुरुवात करतो. 1924 साली मद्रासच्या कायदेमंडळात रेट्टमलै श्रीनिवासन यांनी सार्वजनिक रस्ते आणि विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. हेच श्रीनिवासन 1930 मध्ये बाबासाहेबांसोबत लंडनच्या गोलमेज परिषदेला गेले. आपल्याकडे मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा तसाच ठराव 1923 मध्ये मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं.

आणि पुढची तीन वर्षं? तळं खुलं होतं, पण आपल्या माणसाची ओंजळ त्यात बुडत नव्हती. 1927 च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. कागदावर खुल्या असलेल्या तळ्याच्या गावात विकतचं पाणी! 20 मार्चला लोक तळ्यावर चालत गेले, पाणी प्यायले, आणि परतताना मार खाल्ला. तो दिवस आपण दरवर्षी साजरा करतो. पण त्याआधी गावोगाव फिरून माणसं जोडणारे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? ठराव आणि ओंजळ यांच्यातलं अंतर अशाच माणसांनी तुडवलं. मी नेतृत्व म्हणतो ते याला.

ही गोष्ट शंभर वर्षं जुनी वाटत असेल, तर गटाराकडे बघा. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला. राज्य सरकारं म्हणत राहिली, आमच्याकडे ही प्रथाच नाही. सफाई कर्मचारी आंदोलन 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या संडासांचे फोटो आणि काम करणाऱ्या माणसांची माहिती गोळा करून सरकारांचा इन्कार खोटा पाडला. 2013 मध्ये नवा कायदा आला. 2014 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्या. 2023 मध्ये ही रक्कम 30 लाख झाली. माणसं मात्र अजून उतरवली जातात, अजून मरतात. या मृत्यूंच्या सरकारी यादीत तमिळनाडूचं नाव वरच असतं आणि महाराष्ट्रही त्या यादीत आहे.

महाराष्ट्रातल्या एका शहरात अशाच एका मृत्यूनंतर मी त्या घरी बसलो होतो. पोलिसांनी 'अकस्मात मृत्यू' नोंदवला होता. ठेकेदार म्हणत होता, हा आमचा माणूसच नव्हे. माझ्याकडे पदवी होती, इंग्रजी होतं, निकालाची प्रत होती. त्या ताई म्हणाल्या, "दादा, बोलीन मी. तुम्ही लिहून घ्या." त्यांनी मुलाची शाळेची वही आणली. मागच्या पानांवर नवऱ्याच्या हजेरीचा हिशोब होता: कुठल्या दिवशी काम, कुठल्या दिवशी खाडा, मुकादमाकडे किती बाकी. तो कामावर होता हे त्या वहीमुळे मांडता आलं. भरपाई हातात पडायला तरी दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात त्यांना सांत्वनाची भाषणं भरपूर मिळाली. अर्जाची पोच घ्यायला सोबत येणारी माणसं दोन-तीनच होती.

आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्याला वाटतं, शिकलो म्हणजे आता लोकांच्या वतीने बोलायचं. लोकांना बोलता येतं. त्यांना अडतं ते सरकारी पत्राच्या भाषेपाशी, माहिती अधिकाराच्या अर्जापाशी, मुदत संपायच्या आत अपील करण्यापाशी. तिथे आपलं शिक्षण लागतं. माईक त्यांच्या हातात राहू द्या, फाईल आपण उचलू.

आणि खुर्चीचं काय? जुलै 1942 मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं. महाराष्ट्रात एवढी मोठी ताकद असूनही चळवळीने अध्यक्ष निवडले ते मद्रासचे एन. शिवराज. 1945 मध्ये ते या शहराचे महापौर झाले. 1957 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे पहिले अध्यक्षही तेच. आज आपल्या जयंती समितीचं अध्यक्षपद गल्लीबाहेर जात नाही, पोटजातीबाहेर तर नाहीच. जातिअंताची भाषा करणाऱ्याने आधी आपल्या समितीच्या यादीकडे बघावं. किती पोटजाती आहेत? किती बाया आहेत? वर्गणीचा हिशोब भिंतीवर लागतो का?

मूल्यं तपासायची जागा हीच. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही इथे परके नाही, श्रीनिवासन आणि शिवराज यांच्या शहरात आहात. तमिळ शिका. इथल्या सफाई कामगारांच्या एखाद्या संघटनेकडे जा आणि एकच अडलेली फाईल मागून घ्या. निकाल लागेपर्यंत ती सोडू नका. मध्ये नोकरी बदलेल, बदली होईल. तेव्हा ती फाईल दुसऱ्याच्या हातात नीट सोपवा, मगच शहर सोडा.

जय भीम.