स्त्री-पुरुष संवाद आणि आपले घर
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या दिवशी आम्हाला विषय दिला आहे तो घरातल्या बोलण्याचा. कुणी म्हणेल, यात सांगायचे ते काय? सकाळी उठल्यापासून आपण बोलतच असतो. "पाणी आलं का?", "आज रातपाळी आहे का?", "गोडाऊनचा पगार झाला का?" परंतु अशा विचारपुशीला संवाद म्हणत नाहीत. एका खोलीत वीस-वीस वर्षे संसार केलेल्या नवरा-बायकोला एकमेकांच्या मनातली भीती ठाऊक नसते. पुरुष म्हणतात, "बायकांचं बोलणं संपतच नाही." बायका म्हणतात, "यांना सांगून उपयोग काय?" आणि शेवटी दोघेही म्हणतात, "स्वभावच तसा!"

आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न स्वभावाचा कमी आणि जागेचा जास्त आहे. समाजाने माणसाला ज्या जागी उभे केले, त्या जागेवरून त्याचे बोलणे ठरते.

ही गोष्ट आपल्याला तरी दुसऱ्या कुणी पटवून द्यायला नको. आपले आजे-पणजे गावगाड्यात मान खाली घालून 'जोहार मायबाप' म्हणत. विचारल्याशिवाय बोलत नसत. ते काय जन्मतःच भित्रे होते? मुळीच नाही. बाबासाहेबांबरोबर हीच माणसे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि त्यांची भाषा बदलली. मग जो न्याय आपण आज्याला लावतो, तोच आजीला का लावू नये?

आपली मराठीच पहा. नवरा बायकोला 'अगं' म्हणतो, 'तू' म्हणतो. ती मात्र 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणते. त्याचे नाव घ्यायचे तर उखाण्यात. आता तरुण जोडप्यांत हे पुष्कळ बदलले आहे, ही चांगली गोष्ट आहे. मान देण्याला आमची हरकत नाही. पण मान एकाच दिशेने वाहत असला, तर ज्याला 'अहो' म्हणायचे त्याला "तुमचं हे चुकतंय" म्हणताना जीभ जड होते.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. १९७५ साली अमेरिकेत झिमरमन आणि वेस्ट या दोघा अभ्यासकांनी स्त्री-पुरुषांची संभाषणे टेपवर घेतली. त्यांत मध्येच बोलणे तोडण्याचे ४८ प्रसंग आढळले, आणि त्यातले ४६ प्रसंग पुरुषांनी तोडल्याचे होते. संभाषणे थोडी होती आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांत असेच आकडे आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परंतु १९८० साली ओबार आणि ॲटकिन्स यांनी तिथल्या कोर्टातील साक्षीदारांचे बोलणे तपासले, तेव्हा आणखी महत्त्वाची गोष्ट दिसली. अडखळत, विचारू-विचारू बोलण्याला लोक 'बायकी' बोलणे म्हणत. पण कमी प्रतिष्ठेचे पुरुषही तसेच बोलत होते, आणि प्रतिष्ठित स्त्रिया ठाम बोलत होत्या. म्हणजे पुन्हा तीच जागेची गोष्ट.

आता आपल्याच एका माउलीचे उदाहरण घेऊ. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत. दुकानात बसून त्या रद्दीतले कागद वाचत आणि आपल्या समाजाची कहाणी लिहीत. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली निघाले. परंतु तत्पूर्वी सुमारे वीस वर्षे त्यांनी ते लिखाण घरच्या माणसांपासून लपवून ठेवले होते! नवऱ्याची भीती वाटे, असे त्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. जी बाई सगळ्या जगाला सांगण्यासारखे लिहीत होती, तिला ते घरात सांगता येत नव्हते. बंधूंनो, याचा विचार करा. आपल्याही घरात कुणाची अशी वही डब्यामागे पडून असेल. वही नसेल, तर दुखणे असेल. अंगावर काढलेले दुखणे ही न बोललेली गोष्टच असते.

आणि हे बाबासाहेबांच्या शिकवणुकीत बसत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गाची महिला परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी तेथे सांगितले की, समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे. त्या परिषदेत स्त्रियांनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला, आणि स्त्री कामगारांवर देखरेखीला स्त्रियाच नेमाव्यात असेही मागितले. कारण मुकादम पुरुष असला की कितीतरी अडचणी बाईच्या ओठावरच राहतात. आपल्या भागातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाणाऱ्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको.

मात्र अडचण एकाच बाजूला आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुरुषाला हुकूम द्यायला शिकवले, पण "मला भीती वाटते" म्हणायला शिकवले नाही. लूम बंद पडले, काम सुटले, कर्ज झाले, तरी तो घरी बोलत नाही. नाक्यावर बसतो, नाहीतर गुत्त्यावर जातो. घरच्यांना वाटते तो रागावला आहे, आणि तो तर घाबरलेला असतो. वरच्या जागेवर बसवलेला माणूसही त्या जागेचा कैदीच असतो.

तिसरी अडचण म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणे. डॉक्टर बाईला विचारतात, "काय होतंय?" उत्तर नवरा देतो. १९९३ पासून ग्रामपंचायतीत स्त्रियांना घटनेने राखीव जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. तरी पुष्कळ ठिकाणी खुर्चीवर बाई आणि बोलतात 'सरपंचपती'. जागा मिळाली, आवाज मात्र दुसऱ्याचाच.

मग दुसऱ्यासाठी बोलूच नये काय? बोलावे, पण आनंदासारखे. महाप्रजापती गौतमींनी संघात प्रवेशासाठी तीनदा विनंती केली आणि ती मान्य झाली नाही. पुढे त्या पायी वैशालीला आल्या. पाय सुजलेले, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी, अशा दाराबाहेर उभ्या होत्या. आनंदाने त्यांना पाहिले आणि आधी विचारले, तुम्ही का रडता? त्यांचे ऐकून घेतले, मग आत जाऊन भगवंतांपुढे त्यांचा प्रश्न मांडला, आणि परवानगी मिळाली. आधी विचारणे, मग ऐकणे आणि शेवटी बोलणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. आपण बहुधा उलट करतो.

आपण पंचशील घेताना खोटे न बोलण्याचे व्रत घेतो. सम्यक वाचेत कठोर बोलणे आणि चहाडी हीसुद्धा वर्ज्य आहेत. त्याला जोडून आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो. घरात ज्याला प्रश्न विचारला, त्यालाच उत्तर देऊ द्यावे. मुलीच्या शिक्षणाची वा लग्नाची बोलणी तिला आत पाठवून करू नयेत. तिला समोर बसवावे. आणि विहाराच्या बैठकीत महिला मंडळाला केवळ खीरदानाचे काम न देता, हिशेबाच्या आणि कार्यक्रमाच्या विषयावर आधी त्यांना बोलू द्यावे, मग इतरांनी बोलावे.

यासाठी वर्गणी लागत नाही, बांधकाम लागत नाही. आज रात्री जेवायला बसाल तेव्हा एकमेकांना इतकेच विचारा, "तुला काय वाटतं?" आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका.



भवतु सब्ब मंगलं! जय भीम!