फळ्यावरची नावं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला, "नेतृत्वगुण या विषयावर तू पंधरा मिनिटं बोलायचंस." मी म्हटलं, "अरे, आपल्या बॅचमध्ये कारखाना चालवणारे आहेत, सरपंच झालेले आहेत, मुख्याध्यापक आहेत. मी आयुष्यभर वॉर्डात इंजेक्शनं दिली. मी काय बोलू?" तर तो म्हणाला, "आठवीत मॉनिटर होतीस ना? मग बोल." म्हणजे इतक्या वर्षांनीही माझी ओळख तीच राहिली. तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

तुम्हाला आठवत असेल, ऑफ तासाला मी खडू घेऊन फळ्यापाशी उभी असायची. जो बोलेल त्याचं नाव कोपऱ्यात लिहायचं, पुन्हा बोलला की नावापुढे फुली. वर्ग गप्प बसायचा आणि मला वाटायचं, वर्ग माझं ऐकतो. खरं तर तो खडूचं ऐकत होता.

एकदा आपल्यातल्या एकाच्या नावापुढे पाच फुल्या झाल्या. बाई वर्गात आल्या, फळा बघितला आणि मला विचारलं, "हा काय बोलत होता?" मी म्हटलं, "बाई, ते नाही माहीत. पण बोलत होता." मग बाईंनी त्यालाच विचारलं. तो शेजाऱ्याला विचारत होता, फळ्यावर काय लिहिलंय. मागच्या बाकावरून त्याला दिसतच नव्हतं. बाईंनी त्याला पुढच्या बाकावर आणलं, घरी चिठ्ठी पाठवली, आणि महिन्याभरात त्याला चष्मा लागला. तो चष्मा आज समोरच्या रांगेत बसून माझ्याकडे बघून हसतोय. (हशा) त्या दिवशी बाईंनी डस्टर माझ्याच हातात दिलं आणि म्हणाल्या, "नाव लिहिलंस, ते ठीक. कारण विचारलं असतंस तर फळा लवकर पुसता आला असता."

मी तेव्हा मान डोलावली. वाक्य कळायला मात्र वीसेक वर्षं लागली. ती गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही, पण इथे सांगते.

मी नर्सिंग केलं, स्टाफ नर्स झाले आणि पुढे मेडिसीन वॉर्डाची इनचार्ज झाले. इनचार्ज झाल्यावर माझ्यातला मॉनिटर पुन्हा जागा झाला. सकाळी ओव्हर घेताना एका मुलीने केस पेपरवर इंजेक्शनची वेळ चुकीची लिहिलेली दिसली. मी तिला सगळ्या स्टाफसमोर, पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोलले. चांगलंच बोलले. त्यानंतर माझ्या वॉर्डात चुका होणं बंद झालं. निदान मला तसं वाटलं. रजिस्टर कोरं होतं आणि मला त्या कोऱ्या रजिस्टरचा अभिमान होता.

मग एक दिवस सकाळी ओव्हर संपल्यावर वॉर्डातल्या मावशी थांबल्या. म्हणाल्या, "बाई, रागवणार नसाल तर एक सांगते." रात्री दोनच्या सुमाराला एक नवी सिस्टर अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर घेत होती. हातात आली पोटॅशियम क्लोराईडची कुपी. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्ही दहा मिलीच्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे औषध सलाईनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं असतं. थेट शिरेत गेलं तर माणसाचं हृदय थांबू शकतं. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका सिस्टरने नेमकी तशीच कुपी शेवटच्या क्षणी टाकून दिलेली आणि मग ती कोपऱ्यात रडत बसलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून त्या पुढे होऊन म्हणाल्या, "सिस्टर, ही तीच नव्हं?" तेवढ्यावर एक माणूस वाचला.

मित्रांनो, माझ्या पायाखालची जमीन सरकली ती नंतर. पंधरा दिवसांत तीच चूक दोनदा होता होता टळली होती. मावशींना माहीत होतं, मला नव्हतं. मुली मावशींपाशी रडत होत्या आणि माझ्यासमोर रजिस्टर कोरं ठेवत होत्या. माझा वॉर्ड चांगला चालला नव्हता, नुसता गप्प होता.

मेमो लिहायला मी कागद पुढे ओढला होता. पेन हातात होतं. आणि मला एकदम खडू आठवला. मी कागद बाजूला ठेवला आणि दोन्ही मुलींना बोलावून एवढंच विचारलं, "नेमकं काय झालं, ते मला समजून घ्यायचंय." आधी दोघी घाबरून गप्प. मग हळूहळू बोलल्या. दोन्ही कुप्या एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या होत्या. औषधांच्या टेबलावरची ट्यूबलाईट महिनाभर बंद होती. रात्री दोन सिस्टर आणि चाळीस पेशंट. यातला स्टाफ वाढवणं माझ्या हातात नव्हतं. पण ट्रे वेगळा करणं होतं. आणि त्या ट्यूबलाईटच्या तक्रारीचा अर्ज माझ्याच टेबलावर, माझ्याच सहीसाठी पडून होता. आता सांगा, फळ्यावर पहिलं नाव कुणाचं लिहायचं?

दुसऱ्या दिवशी ओव्हरच्या वेळी मी सगळ्यांसमोर ते सांगितलं. आणि अजून एक सांगितलं. मी नवी असताना १२ नंबरच्या पेशंटचं व्हिटॅमिनचं इंजेक्शन २१ नंबरला दिलं होतं. काही झालं नाही, म्हणून मीही कुणाला बोलले नव्हते. हे बोलताना माझा आवाज कापत होता. मुली आश्चर्याने बघत होत्या. त्या आठवड्यात रजिस्टरमध्ये चार नोंदी आल्या, पुढच्या महिन्यात त्याहून जास्त. वरिष्ठांनी मला बोलावलं, "सिस्टर, तुमच्या वॉर्डात चुका वाढल्यात का?" मी म्हटलं, "चुका होत्याच. आता त्या मला दिसायला लागल्यात."

पुढे एका प्रशिक्षणात मला कळलं की हे माझ्याच वॉर्डापुरतं नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. जिथे नेतृत्व चांगलं आणि एकमेकांशी संबंध चांगले, तिथे चुका कमी निघतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे निघाले उलटे. चांगल्या वॉर्डात नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की त्या वॉर्डात लोक मोकळेपणाने बोलत होते आणि बाकीच्या ठिकाणी लपवत होते.

ऑपरेशन थिएटरमध्येही असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. त्यातला एक मुद्दा असा, की चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. सर्जनने सांगायचं, तसंच सिस्टरनेही. ही यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होती. तिथे मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे नुसत्या नावं सांगण्याने झालं असं नाही, यादीत बरंच काही आहे. पण मला त्यातलं एवढं फार पटतं. सुरुवातीला ज्याचा आवाज एकदा ऐकला गेला, तो पुढे गरज पडली तर "थांबा" म्हणायला कमी घाबरतो. आमच्या मावशींनी मात्र कुणी न विचारताच ते धाडस केलं. त्या रात्री वॉर्डातलं नेतृत्व त्यांच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं.

याचा अर्थ सगळ्यांना सगळं माफ, असा कृपया घेऊ नका. पुढे एका सिस्टरने औषध न देताच दिल्याची सही केली, तेव्हा मी मेमो दिला आणि आजही देईन. चुकणं वेगळं आणि फसवणं वेगळं. चुकणाऱ्याला आपण धाक घातला, तर त्याला फसवायला आपणच शिकवतो.

आपण सगळे आता पन्नाशी ओलांडलेले. कुणाच्या हाताखाली पाच माणसं आहेत, कुणाच्या पाचशे, आणि कुणाच्या घरी दहावी-बारावीची पोरं. माझ्या अनुभवातून तीन साध्या गोष्टी सांगते. "कुणी केलं?" याच्या आधी "काय झालं?" हे विचारा. आपली चूक आपण पहिल्यांदा सांगा, मग दुसऱ्याला सांगायचा धीर येतो. आणि वाईट बातमी घेऊन जो येईल, त्याला आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणा, राग नंतर. हे तिसरं फार अवघड आहे. मला अजून दर वेळी जमत नाही. माझ्या मुलाने गाडी ठोकल्याचं मला शेजारणीकडून कळलं, तेव्हा समजलं की वॉर्डात शिकलेलं घरी न्यायचं राहून गेलंय.

शेवटी बाई, तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही त्या दिवशी मला वर्गासमोर रागावू शकला असता. माझं मॉनिटरपद काढून घेऊ शकला असता. तुम्ही नुसतं डस्टर हातात दिलंत. ज्या दोन मुलींना मी मेमो देणार होते, त्यांतली एक आज स्वतः इनचार्ज आहे. मागच्या दिवाळीत तिचा फोन आला, "मॅडम, माझ्या वॉर्डातल्या मुली मला सगळं सांगतात." बाई, तुमचं डस्टर आता तिच्या हातात आहे.