जपानी विद्या आणि सीमाभागातील विद्यार्थी
(बसवकल्याण येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



चालुक्यनृपती सहावा विक्रमादित्य या नगरीत राज्य करीत असता काश्मीरचा कवी बिल्हण मजल दरमजल करीत त्याच्या आश्रयाला आला आणि त्याने ‘विक्रमांकदेवचरित’ रचले. पुढे न्यायसभांतून शतकानुशतके प्रमाण मानली गेलेली विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ही त्याच राजाच्या अमदानीतली. ज्या गावी विद्वान दुरून येत, त्या गावच्या तरुणांनी आज जपानी भाषा व संस्कृती यांच्या अध्ययनासाठी जपानला का जावे, आणि गेल्यावर तेथून काय आणावे, हा माझा आजचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्या मुलखात नवा नाही. 1948 पर्यंत आपण ज्या रियासतीचे प्रजाजन होतो, त्या निजामी राज्याने 1922 साली आपल्या शिक्षणखात्याचे प्रमुख सय्यद रॉस मसूद यांना जपानी शिक्षणव्यवस्थेच्या अवलोकनासाठी पाठविले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. 1868 च्या राज्यक्रांतीनंतर जपानने पाश्चात्त्य शास्त्रे स्वभाषेत आणून ती आपल्या पाठशाळांतून शिकविली, ही गोष्ट 1918 साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापणाऱ्या राज्याला मोलाची वाटावी, हे स्वाभाविकच होते. मात्र बिदर-गुलबर्ग्याच्या ज्या मुलांच्या घरी मराठी, कानडी अथवा तेलुगू बोलली जाई, त्यांच्या भाषांना त्या विद्यापीठात माध्यमाचे स्थान मिळाले नाही. म्हणजे जपानचे तत्त्व स्वीकारले, पण त्यातला ‘स्वभाषा’ हा शब्द प्रजेच्या बाजूने वाचावयाचे राहून गेले.

त्याच सुमारास पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्या हाती तोक्योच्या, 1901 साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, 1915 च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी तो आदर्श मांडला, आणि दुसऱ्याच वर्षी मातृभाषेतून शिक्षण देणारे महिला विद्यापीठ उभे राहिले. एका पुस्तिकेतून एवढे साधले, हा कर्व्यांच्या दृष्टीचा विजय होय. परंतु ती पुस्तिका इंग्रजी होती, मसूदांचा अहवालही इंग्रजी होता, आणि आज शंभर वर्षांनंतरही जपानविषयी आपणांस जे कळते ते बहुतांशी तिसऱ्याच भाषेतून गाळून येते.

ही गाळणी दूर करण्यास सीमाभागातील विद्यार्थी विशेष पात्र आहे, असे मी म्हणतो, ते केवळ तुमच्या संतोषासाठी नव्हे. आपण मराठीत ‘करून पाहा’ म्हणतो, कानडीत ‘माडि नोडु’ म्हणतो, आणि जपानी मनुष्य ‘शिते मिरु’ म्हणतो. तिन्ही ठिकाणी ‘पाहणे’ हे क्रियापद प्रयत्नाच्या अर्थाने मूळ क्रियेच्या मागे उभे राहते. ‘करून ठेव’साठी त्यांच्याकडे ‘शिते ओकु’ आहे, ‘करून टाक’साठी ‘शिते शिमाउ’. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, प्रत्यय नामाच्या मागे लागतात. त्यांच्या अक्षरमालेचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न-ह-म-य-र-व हा क्रमसुद्धा बौद्ध पंडितांनी नेलेल्या आपल्या वर्णमालेच्या अभ्यासातून सिद्ध झाला. इंग्रजी शिकताना ज्या वाक्यरचनेशी आपण झगडतो, ती झगड येथे पुष्कळ उणी होते.

मग परदेशगमनाचे प्रयोजन काय? लिपी घरी बसून शिकता येईल. हिरागाना-काताकानाची प्रत्येकी 46 अक्षरे आणि नित्य व्यवहारासाठी शासनाने नेमलेली 2136 चित्राक्षरे हा चिकाटीचा प्रश्न आहे. पण तेथील आदरवाचक भाषेची गोष्ट वेगळी. आपण चारचौघांत ‘आमचे वडील आले आहेत’ असे आदरार्थी बहुवचनाने सांगतो; जपानी मुलगा वडिलांशी कितीही अदबीने वागत असला, तरी परक्यापुढे त्यांच्याविषयी बोलताना आदरवाचक रूप टाळून नम्रतावाचक रूप योजतो, आणि पेढीवरला कारकून ग्राहकासमोर आपल्या मालकाचा उल्लेखही तसाच करतो. कोण आपला आणि कोण परका याची रेषा प्रसंगागणिक सरकत असते. ती व्याकरणात वाचून कळते, परंतु अंगवळणी पडते ती त्या समाजात वावरल्यावर, चुकल्यावर आणि कोणी हळूच सुधारल्यावरच.

यासाठी मार्गही खुले आहेत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीचे अध्यापन चालते. विद्यापीठात जपानी हा मुख्य विषय घेतलेल्यांस सुमारे वर्षभर तेथील विद्यापीठात भाषा व संस्कृती यांचेच अध्ययन करता यावे, अशी जपान सरकारची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. जपानी भाषेच्या पात्रतापरीक्षेच्या पायऱ्या चढून नोकरी मिळविणे यात गैर काहीच नाही. पण शिष्यवृत्तीचे ऋण तेवढ्याने फिटत नाही.

हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने आदिलशाही व मराठेशाहीतील रयत, वतने आणि जातिव्यवस्था यांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि मध्ययुगीन दख्खनवरील त्यांचा लेखसंग्रह 1991 साली ग्रंथरूपाने आला. आपल्या कुळकर्णी-पाटलांची दुनिया समजून घेण्यासाठी एक परदेशस्थ जर एवढे कष्ट घेतो, तर जपानच्या एखाद्या खेड्याची, पाठशाळेची वा सहकारी संस्थेची हकीकत मूळ जपानी कागदपत्रे वाचून आपल्यापैकी कोणी मराठीत व कानडीत का लिहू नये? मसूद राज्याच्या हुकमाने गेले व त्यांनी राज्यकर्त्यांसाठी लिहिले. तुम्ही स्वेच्छेने जा आणि ज्यांच्या भाषांना त्या वेळी माध्यमाचे स्थान मिळाले नाही, त्यांच्यासाठी लिहा.